धापूयाडीची मुताची वही

धापूयाडी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या हातात चहाची कपबशी होती आणि तिच्या हातात लघवीची बाटली. बाटली तिनं सरळ माझ्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरवर ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या शाळेत काचंची नळी असती म्हनं. एक द्या."

"हे काय आहे?"

"मूत."

"कोणाचं?"

"माज्या नातीचं. ताजं हाय. हात लावून बघा, गरम हाय अजून."

मी हात लावला नाही. चहाही प्यायलो नाही. शेजारी बसलेल्या हिंदीच्या सरांनी आपला कप उचलला आणि ते व्हरांड्यात गेले, ते त्या दिवशी परत आत आलेच नाहीत.

तेव्हा मी जवळा बाजारच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. नव्वदचं दशक चालू होतं. हिंगोली अजून जिल्हा झाली नव्हती, आमचे सगळे सरकारी कागद परभणीला जात. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात पाच परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि बरणीतला एक विंचू. पण कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि मी ती करदोड्याला बांधून हिंडत असे. गावात आपण एकटेच शास्त्रज्ञ आहोत असा माझा पक्का समज होता. पुढची दोन वर्षं धापूयाडीनं तो समज उतरवण्यात घालवली, तेही मला फार न दुखवता.

ती सिद्धेश्वरच्या धरणाकडल्या एका तांड्यावरची. वय साठीच्या आसपास. आरसे जडवलेली काचोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पायात वाळे. आधी तिचा आवाज यायचा, मग ती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. जवळा बाजारात तिला लहानथोर सगळेच याडी म्हणायचे, आणि ती सगळ्यांना पोरगं समजूनच बोलायची, मग समोर फौजदार का असेना.

तिची नात मंगी. आठ वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र चोराचे. मंगीला साखरेचा आजार निघाला होता. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोन सुया लिहून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घरीच लघवी तपासायची, रंग वहीत लिहायचा, वही दर महिन्याला दाखवायला आणायची. सुईतलं औषध किती, ते त्या वहीवरून ठरणार होतं. मंगीचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला पश्चिमेकडं जात, म्हणून पोरगी आजीकडं.

"मायबाप साखरंच्या कारखान्यावर, अन् पोरीच्या मुतात साखर," धापूयाडी म्हणायची. "ह्याचा हिशेब कुनीतरी त्या देवाला इचारा."

विचारणं हा तिचा स्वभाव होता. एसटीच्या ड्रायव्हरला ती विचारायची, "बाबा, तुला झोप पुरती झाली का?" नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं होतं, "साखर मुतात येती, मंग रडल्यावर डोळ्यातलं पानी काहून खारट?" डॉक्टरीणबाई म्हणे खुर्ची पुढं ओढून नीट समजावून सांगू लागल्या. कोणी म्हणालं, याडी, किती विचारता, की तिचं उत्तर तयार असे, "इचारायला काय तकलीफ?"

माझं नेमकं उलटं. मास्तरानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं, अशा मताचा मी होतो. त्यामागं एक खाजगी कारणही होतं. ते पुढं येईलच.

हॉस्पिटलातून मिळालेली नळी पहिल्याच दिवशी फुटली म्हणून ती माझ्याकडं आली होती. मी तिला नळी दिली, दिवा दिला आणि वर व्याख्यान दिलं. लघवी तपासायला हॉस्पिटलानं दिलेल्या निळ्या द्रावणाचं इंग्रजी नाव सांगितलं, त्यात तांबं कसं असतं, साखर त्याच्याशी काय करते, हे फळ्यावर सूत्रं लिहून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. थेंब किती टाकायचे?"

"आठ."

"मंग तेवढंच सांगायचं ना, बाबा."

मंगीला दवाखाना जवळ हवा म्हणून तिनं गावात खोली घेतली, ती नेमकी माझ्या शेजारची. आम्हा दोघांचे घरमालक बापूराव, चाळीस एकरांचे धनी, पांढऱ्याशुभ्र धोतराचे. आपल्या घरात काय शिजतंय हे कळल्यावर ते अंगणात उभे राहून ओरडले, "मास्तर, माझ्या घरात ही बाई मूत उकळून राहिली अन् तुमी तिला दिवा पुरवून राहिले! उद्या आणखी काय काय शिजवता?"

"बापूराव," आतून याडी म्हणाली, "तुमी रोज गोमूत्र पिता, आमी काही म्हनतो का?"

त्यानंतर बापूराव महिनाभर तरी त्या विषयावर बोलले नाहीत.

रोज सकाळी असा कार्यक्रम असे. मी दिवा पेटवायचा. नळीत निळं पाणी घ्यायचं, आधी नुसतंच उकळायचं, मग त्यात मंगीचे आठ थेंब. नळी चिमट्यात धरून पुन्हा ज्योतीवर. याडीच्या काचोळीवरच्या प्रत्येक आरशात ती ज्योत दिसायची. तिच्या छातीवर विसेक दिवे लागलेत आणि ती श्वास रोखून नळीकडं बघते आहे, हे चित्र मला अजून दिसतं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा आला तर थोडी, मग पिवळा, मग नारिंगी, आणि विटकरी आला तर पोरीच्या पाठीत धपाटा. मी रंग बघायचो आणि वहीत लिहायचो. याडीला लिहिता येत नव्हतं.

दुसरी तपासणी पट्टीची. मंगीला ताप आला, उलटी झाली की करायची. लघवीत किटोन नावाचं विष उतरतं का ते त्या पट्टीवर कळतं. पट्टी बुडवायची, पंधरा सेकंद थांबायचं, जांभळी झाली की धोका.

"पंधरा सेकंद म्हंजी किती टाके?" याडीनं विचारलं.

तिच्या हातात सदा सुई-दोरा असायचा. काचोळ्या, पिशव्या, बैलांच्या झुली, काहीतरी भरणं चालूच. मग मी घड्याळ लावून मोजलं. बरोबर अकरा टाके. पुढं माझं घड्याळ दोनदा बंद पडलं. तिचे टाके कधी मागेपुढे झाले नाहीत. पट्ट्या लवकर संपू नयेत म्हणून ती एकेक पट्टी कात्रीनं उभी चिरून दोन करायची, इतकी सरळ की दोन्ही भावंडं जुळी वाटावीत. मी एकदा मदत म्हणून चिरायला गेलो, तर तीन पट्ट्यांच्या सात झाल्या आणि एकही कामाची उरली नाही.

मंगी मात्र या शास्त्राची शत्रू होती. बाजारात जिलबी खायची आणि नळीत विटकरी रंग उगवला की मार खायचा, याला ती कंटाळली होती. एका सकाळी तिनं बाटली आणून दिली. नळी निळीच राहिली. मी वहीत मोठ्या अक्षरात 'निळा' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. याडीनं बाटली हातात घेतली.

"मंगे, हे थंड काहून?"

"थंडीचे दिस हायेत, याडी."

दुसऱ्या दिवशी बाटली कोमट होती. याडीनं ती उजेडात धरली. "एवढं साफ तर आपल्या धरनाचं पानी बी न्हाई," म्हणाली. मंगीनं चुलीवरच्या हंड्यातलं पाणी भरून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी बाटली गरम होती आणि पिवळीही होती. याडीनं झाकण उघडून नुसतं नाकाजवळ नेलं, आणि बाहेर बांधलेल्या बापूरावांच्या शेळीकडं बघितलं. मंगी कुंपणावरून उडी टाकून पळाली. त्या दिवसापासून याडी पोरीसोबत स्वतः जाऊ लागली. मी मात्र तिन्ही दिवस वहीत 'निळा' लिहून मोकळा झालो होतो.

आता माझं खाजगी कारण.

एका सकाळी मी नळी उकळत होतो. नळीचं तोंड माणसाकडं करायचं नसतं, हे मी शेकडो पोरांना शिकवलेलं. मी ते खिडकीकडं केलं. खिडकीबाहेर बापूरावांचं धोतर वाळत होतं. नळीतलं पाणी एकदम उसळलं आणि सगळं त्या धोतरावर. बापूराव तिथंच दात घासत उभे होते.

"मास्तर! हा डाग कशाचा?"

मी बाहेर गेलो, धोतर हातात घेऊन निरखलं आणि शास्त्रज्ञाच्या आवाजात म्हणालो, "काही नाही हो बापूराव, हिरवा डाग आहे. शेवाळासारखा. एका धुण्यात जातो."

बापूरावांनी माझ्याकडं बघितलं, डागाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "सकाळ सकाळ भांग घेता का?" म्हणाले.

याडी दारात उभी होती. त्या बाईनं काहीच न विचारणं ही मोठी गंभीर गोष्ट होती.

संध्याकाळी तिनं मला ओट्यावर बोलावलं. पुढ्यात दोऱ्यांच्या लड्या पसरलेल्या. सुई ओवता ओवता सहज म्हणाली, "मास्तर, त्यो लाल दोरा द्या."

मी दिला. तिनं तो बाजूला ठेवला.

"आता हिरवा."

मी दिला. तोही बाजूला.

"निळा."

निळा दिला. तो तिनं हातात घेतला, माझ्याकडं बघितलं.

"निळा तेवढा बराबर हाय," म्हणाली. "कवापासून?"

"जन्मापासून," मी म्हणालो. लाल आणि हिरवा मला सारखेच मातकट दिसतात, हे मी घरच्यांशिवाय कोणालाही सांगितलेलं नव्हतं. नोकरीच्या मेडिकलला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं, तेव्हा माझ्या आधीच्या उमेदवाराची उत्तरं मी दाराआडून ऐकून पाठ केली होती. एकदा खाकी समजून पोपटी पँट शिवून घेतली आणि गणपतीच्या मिरवणुकीत घालून गेलो, तेही हौस म्हणून खपून गेलं.

"मंग पोरांना लिटमस कसं शिकवता?"

मंगी पाचवीतल्या पोरींत बसून सगळं ऐकून यायची, त्यामुळं याडीला लिटमससुद्धा माहीत होता.

"मी कागद बुडवतो आणि पोरांना विचारतो, सांगा बरं, कोणता रंग आला? पोरांना वाटतं सर परीक्षा घेतायत. मी खरंच विचारत असतो."

याडी हसायला लागली. अशी हसली की काचोळीवरचे सगळे आरसे हलले आणि भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचले. मीही हसलो. मग ती एकदम थांबली.

"मी कुनाला सांगत न्हाई," म्हणाली. "पन मास्तर, तुमच्या वहीवर माज्या पोरीची सुई ठरती. पिवळ्याला हिरवं लिहिलं तर औषध कमी पडंल. तुमाला ठाऊक हुतं ना?"

मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जिथं शंका येईल तिथं मधला रंग लिहायचो. कधी निळ्याच्या जवळचा, कधी विटकरीच्या. तसं मी तिला सांगितलं. अंदाजानं लिहायचो, हे वाक्य उच्चारताना पहिल्यांदाच मला त्याचा अर्थ कळला.

"वही बंद," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कापडाची वही सुरू केली. मनगटाएवढ्या रुंदीची मांजरपाटाची पट्टी. तिच्या सुरुवातीला पाच रंगांचे पाच चौकोन भरले: निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी, आणि कडेला एक जांभळा, किटोनचा. हिंगोलीच्या दुकानातून दोरे आणताना तिनं औषधाच्या बाटलीवरचा छापील तक्ता शेजारी धरून एकेक लडी जुळवली होती. मग रोजचे दोन टाके, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, नळीत जो रंग दिसेल त्या रंगाचा. आठवडा झाला की ओळ संपायची. किटोन आले तर त्या दिवशी दोऱ्याऐवजी कवडी शिवायची असं तिनं ठरवलं. "कवडी दुरून दिसती," म्हणाली. आणि रोज नळी ज्योतीवर धरताना पुटपुटायची, "कवडी नको, आई, कवडी नको."

बापूरावांनी त्या पट्टीला 'मुताची वही' असं नाव दिलं. पुढं सगळं गाव तेच म्हणू लागलं, आणि याडीही.

महिन्यानं ती नांदेडला गेली. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी आधी माझी जुनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग याडीनं कापड उलगडलं. बाईंनी ते टेबलावर पसरलं. मग शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. पांढरे कोट घातलेली चार पोरं-पोरी वाकून वाकून बघायला लागली.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "सकाळ सगळी निळी-हिरवी आणि संध्याकाळ लाल. सकाळची सुई संध्याकाळपर्यंत पुरत नाही, सकाळचा डोस वाढवायला हवा. दारातूनसुद्धा कळतंय." मग जुनी वही उचलून विचारलं, "ही कोण लिहायचं?"

"एक मास्तर हायेत," याडी म्हणाली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

"त्यांना सांगा, पुन्हा लिहू नका."

"सांगते," याडी म्हणाली आणि माझ्याकडं बघितलंही नाही.

तिनं माझं गुपित शब्दाप्रमाणं ठेवलं. ते उघडं केलं मी, आणि तेही भर बाजारात.

झालं असं. तांड्यावर याडीच्या पुतण्याचं लग्न निघालं. दोन दिवसांचा प्रश्न. मंगीची चाचणी परीक्षा, म्हणून तिला माझ्यावर सोपवून याडी गेली. जाताना बोटांवर मोजत सांगितलं, "सुई द्यायला सिस्टर येत्याल. नळी दोन टाइम उकळा अन् रंग बापूरावला दावा. उलटी झाली तर पट्टी. पट्टी जांभळी दिसली की जीप, नांदेड. अडलं तर इचारा, मास्तर. इचारायला काय तकलीफ?"

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरला नसता.

संध्याकाळी दवाखान्याच्या सिस्टर आल्या. मंगी म्हणाली, "याडी सुई देऊन गेली." सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. याडी तर दुपारीच गेली होती. तरी मी पुन्हा मान डोलावली. सकाळी मंगी सिस्टरना म्हणाली, "सरांनी दिली." त्या वेळी मी आंघोळ करत होतो. नळी मी दोन्ही वेळा उकळली. पण बापूरावांना रंग दाखवायचा म्हणजे आपल्याला दिसत नाही हे कबूल करायचं, आणि धोतराचं प्रकरण ते अजून विसरले नव्हते. मग मी मंगीलाच विचारलं, "कोणता गं?"

"हिरवा, सर. थोडासाच."

दोन्ही वेळा नळी विटकरी होती. हे तिनं मला नंतर सांगितलं, हॉस्पिटलात.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. दुपारी पोरगी शाळेतून आली आणि ओकली. मी म्हणालो, जिलबी. ती पुन्हा ओकली. मग पोट धरून बसली, धापा टाकायला लागली, आणि तिच्या तोंडाला फार पिकलेल्या सीताफळासारखा वास यायला लागला. मी पट्टी काढली, बुडवली, अकरा टाके मनात मोजले. पट्टी मला होती तशीच दिसली. मातकट. आधीही मातकट, नंतरही मातकट.

"मंगे, कोणता रंग आहे?"

पोरीनं डोळे उघडले, पट्टीकडं बघितलं, आणि पुन्हा मिटले. "हुती तशीच हाय, सर," म्हणाली. त्या अवस्थेतही नांदेड नको म्हणून ती खोटं बोलत होती, आणि हे मला त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता कळलं.

बापूराव बाजारात गेले होते. घरात कोणी नव्हतं. मी मंगीला खांद्यावर टाकलं, एका हातात लघवीची बाटली, खिशात पट्ट्या, गळ्यात याडीची मुताची वही, आणि पळालो. बाजाराच्या तोंडाशी पहिलाच कासार बसतो. त्याच्यापुढं तीन बायका बांगड्या भरून घेत होत्या. मी मंगीला त्याच्या चादरीवर बसवलं आणि बांगड्यांच्या ढिगाशेजारी बाटली ठेवली.

"रंग बघायचा आहे," मी म्हणालो.

"बसा सर. कोनता दावू? मोरपंखी, रानी..."

"मला नाही, तुम्ही बघायचा आहे! मला रंग दिसत नाहीत!" मी ओरडलो. "लाल-हिरवं मला कळत नाही! पोरगी आजारी आहे!"

बाजार वळून बघायला लागला. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिथं हिंडत होती. मी नवी पट्टी काढून बाटलीत बुडवली आणि मोठ्यानं मोजायला लागलो. भाजीवाल्या मावशी आणि पोरं माझ्यासोबत मोजायला लागली. कोणी काही विचारलं नाही, नुसतं मोजलं. पंधरा झाल्यावर कासारानं पट्टी दोन बोटांत धरली, याडीच्या कापडावरच्या चौकोनांशेजारी नेली. मग खात्री करायला टोपलीतून एक बांगडी काढून तीही शेजारी धरली. आयुष्य रंगांत घालवलेला माणूस.

"वांगी," म्हणाला. "पक्का वांगी जांभळा. ह्यो बघा, ह्या शेवटच्या चौकोनाचा."

"जीप!" मी म्हणालो.

गर्दीतून बापूराव पुढं आले. त्यांनी मंगीला उचललं, नांदेडला निघालेली काळीपिवळी जीप हात करून थांबवली, आत बसलेल्या सहा जणांना उतरवलं, आणि आम्ही वसमतवरून निघालो. वाटेत एकदाच म्हणाले, "म्हंजी धोतरावरचा डाग तुमाला खरंच हिरवा दिसला?"

"हो."

"मी वर्षभर समजून राहिलो, तुमी माजी मस्करी केली."

मंगी वाचली. दोन दिवस सलाइन, तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून तिनं सिस्टरशी भांडण काढलं. याडी दुसऱ्याच दिवशी येऊन पोचली होती, लग्नातल्या कपड्यांवरच. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. शिव्या ऐकायची तयारी केली होती.

"इचारलं कुनाला?" तिनं विचारलं.

"कासाराला."

"बाजारात? समद्यांसमोर?"

"हो."

तिनं माझ्या शेजारी भिंतीला पाठ टेकली.

"चांगलं केलं," म्हणाली. "पन एक दिस उशिरा, मास्तर."

मग कनवटीतून एक कवडी काढली, सुई ओवली आणि ते कापड माझ्या हातात दिलं. "ही तुमी शिवा."

मी शिवली. बोटाला तीनदा टोचून घेतलं. कवडी वाकडी बसली, आडव्या ओळीत एकटीच तिरपी. तिनं ती उसवली नाही.

शाळेत त्यानंतर माझं जे व्हायचं ते झालं. पोरं खडू दाखवून विचारायची, सर, हा कोणता? एका सकाळी फळ्यावर पूर्ण धडा मी गुलाबी खडूनं लिहिला आणि हेडमास्तर येऊन गेले तरी मला पत्ता नव्हता. पण लिटमस शिकवणं सोपं झालं. आता मी सरळ म्हणायचो, "मला दिसत नाही, तुम्ही सांगा," आणि पोरं इतक्या जबाबदारीनं सांगायची की त्या वर्षी विज्ञानात कोणी नापास झालं नाही.

पुढं माझी बदली शिरड शहापूरला झाली, हिंगोली जिल्हा झाली, नळी आणि स्पिरिटचा दिवा मागं पडला. मंगी शिकून औंढ्याला एका दवाखान्यात कामाला लागली. बोटाला टोचलं की आकडा दाखवणारं यंत्र तिच्या पिशवीत असायचं. याडी तांड्यावर परतली. तिला मी शेवटचा भेटलो तो तिच्या दारातल्या लिंबाखाली. ती पायरीवर बसली होती, शेजारी मुताच्या वहीच्या सात-आठ गुंडाळ्या, मांडीवर चालू असलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"कोन? मास्तर?" आवाजावरून ओळखलं. एक गुंडाळी उलगडून बोटं फिरवत गेली आणि एका जागी थांबली. "ही तुमची. वाकडी."

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. मंगीचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता. "याडी, एकशे दहा."

"आकडा नको. रंग सांग."

"निळा, याडी. निळा."

फोन ठेवून ती दोऱ्यांच्या लड्या चाचपू लागली. सगळ्या तिला सारख्याच. "बघा, मास्तर," हसून म्हणाली, "आता आपन बराबरीचे."

मी पुढं झालो. आयुष्यात मला खात्रीनं ओळखता येतो असा तोच एक दोरा. मी निळी लडी उचलली, सुई ओवून तिच्या हातात दिली.

"निळाच ना?"

"याडी, निळा मला दिसतो. तुम्हीच सांगितलं होतं, निळा तेवढा बरोबर."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. मग मान वळवून रस्त्यानं घागर घेऊन चाललेल्या एका पोरीला हाक मारली. "ये पोरी, इकडं ये. ह्यो दोरा कोन्ता?"

"निळा, याडी."

"बराबर," धापूयाडी म्हणाली, आणि माझ्याकडं, खरं तर माझ्या हातभर डावीकडं बघून म्हणाली, "राग नका मानू. इचारायला काय तकलीफ?"

मग बोटांनी आदल्या दिवसाचा टाका शोधला आणि त्याला लागून आजचा घातला.